डिंगोऱ्याची झरेआई

सोमवार, १५ नोव्हेंबर १९०९. जुन्नर

छापील चूक. पान अठरा.

डेप्युटी इन्स्पेक्टरांनी पुण्याच्या म्युझियमची नवी यादी शाळेला पाठवली आहे, मुलींना माहिती सांगावी म्हणून. चहा होईपर्यंत चाळत होते. 'देवी. हातात कलश, पायांखाली मगर. उंची तीन फूट. शेंदराची पुटे काढून स्वच्छ केलेली. सोबत चांदीचे डोळे, एक जोड. सन १८८५ मध्ये प्राप्त. ठिकाण — नाशिककडील डोंगर.'

नाशिक नव्हे. डिंगोरे. येथून पाच कोसांवर. हे मला पक्के ठाऊक आहे, कारण तिला तेथून न्यावे म्हणून पत्र मीच लिहिले होते.

ट्रेनिंग कॉलेजातून नुकती आले होते. वय तेवीस. पुण्यात चार बुके वाचली होती आणि डोके ताठ होते. डिंगोऱ्याच्या झऱ्यावर ओट्यावर झरेआई बसलेली — शेंदराचा हा एवढा गोळा आणि त्यात दोन चांदीचे डोळे. आत प्राचीन शिल्प असणार आणि अडाण्यांच्या हाती त्याचे मातेरे होणार, असे मी ठरवून टाकले. असिस्टंट कलेक्टरांचा तळ तेव्हा ओतूरला होता. इंग्रजीत चार ओळी लिहिल्या. आठवड्याने गाडी आली. ओटा तेवढा राहिला.

चोवीस वर्षांत हे कोणापाशी बोलले नाही. आता पाहते तो देवी नेली ती नेली, गावाचे नावही नेले. हे दुरुस्त झालेच पाहिजे.

मंगळवार, १६ नोव्हेंबर

क्युरेटरांना पत्र टाकले. उत्तराची वाट पाहत बसणार नाही, स्वतः जाणार. दिवाळीच्या सुटीचे बारा दिवस हातात आहेत. आणि एकटी जाणार नाही. ज्यांची देवी त्यांना घेऊन जाणार.

बुधवार, १७ नोव्हेंबर

डिंगोऱ्यास जाऊन आले. पीरमहंमदचा टांगा. हा मूळचा कागदी. जुन्नरी कागदाला गिऱ्हाईक राहिले नाही तेव्हापासून टांगा हाकतो. घोडी त्याच्यापेक्षा कमी बोलते एवढाच तिचा गुण.

झऱ्यावरचा ओटा मोकळा. त्यावर एक पणती आणि झेंडूची दोन फुले. बघवेना.

झरेआईची पूजा ज्या घराकडे होती ते ठमाबाईंचे. साठी उलटली आहे, पण बाई कणखर. नवरा कुशाबा गुरव चार वर्षांपूर्वी प्लेगात गेला. सून धोंडाबाई खळ्यावरून नुकतीच आली होती, केसांत बाजरीचा भुसा. नात माझ्याच शाळेत तिसरीत आहे. जुन्नरात मामाकडे राहते.

मी आडपडदा ठेवला नाही. म्हटले, "ठमाबाई, झरेआई गेली ती माझ्या पत्रामुळे."

त्या तांदूळ पाखडत होत्या. मान वर केली नाही. "ठाव हाय."

"कधीपासून?"

"तवाच. सायबाचा शिपाई म्हनला, तुमच्या जुन्नरच्या मास्तरीनबाईनं लिवलंय."

इतकी वर्षे या बाईने मला बाजारात हाक मारून हुलगे दिले आहेत. नात शाळेत घातली आहे. कधी एक शब्द नाही.

मी म्हटले, तिला पाहायला पुण्यास चला. तिची ओटी भरा. सगळी व्यवस्था माझी. सासूसुनांनी एकमेकींकडे पाहिले.

"खळ्याचं काम पडलंय आत्याबाई," धोंडाबाई सासूला म्हणाली.

"आन् ती तिथं बरी हाय की," ठमाबाई म्हणाल्या. "ऊन न्हाई, वारा न्हाई."

अशी मनाची समजूत घालू नका, मी म्हटले. यादीत तिला नाशिकची म्हणून लावली आहे, तेही सांगितले. पाटी बदलून घेणारच.

"नाशिकच ऱ्हाऊ द्या की. नाशिक बी देवाचंच ठिकान हाय."

"ठमाबाई, खोटे ते खोटे."

त्या बराच वेळ नुसतेच सूप हलवत राहिल्या. सुपात खडा उरला नव्हता. मग म्हणाल्या, "येते मी. धोंडे, तू बी चल. ओटी भराया सवाशीण पायजे. आमी दोघी काय कामाच्या?"

दोघी म्हणजे त्या आणि मी. खरे आहे. विधवेच्या हातची ओटी देवी घेत नाही म्हणतात. मी ते मानत नाही, पण देवी माझी नाही.

शुक्रवार, १९ नोव्हेंबर

सुवालालच्या दुकानातून खण घेतला. हिरवा, लाल काठाचा. "कुनाची ओटी, बाई?" त्याने विचारले. डिंगोऱ्याच्या झरेआईची, म्हटले. घडी घालता घालता थांबला. "पण ती तर —"

"पुण्याला आहे," मी वाक्य पुरे केले.

"होय होय. पुण्याला." सुतळीची गाठ मारायला त्याला फार वेळ लागला.

रविवार, २१ नोव्हेंबर. मंचर

निघालो. नारायणगावाला दूध-भाकरी. ठमाबाई टांग्यात पहिल्यांदाच बसल्या. कोसभर डोळे मिटून होत्या, मग पीरमहंमदला घोडी कशी हाकावी ते सांगू लागल्या.

बुधवार, २४ नोव्हेंबर. पुणे

आज काम झाले. सविस्तर लिहिते.

म्युझियमच्या दारावर सावळेराम नावाचा पट्टेवाला. धोंडाबाईच्या हातातला नारळ पाहून आडवाच आला. "हितं देवदेव करायचं नाय. मागल्या महिन्यात एकीनं बुद्धाला कुंकू लावलं, मला चार दिवस घासावं लागलं." मी क्युरेटरांचे नाव घेतले. साहेब कामात आहेत म्हणाला. मी म्हटले, कामात असोत, मी उभी राहते. दारातच उभी राहिले. माझ्यामागे चार विद्यार्थी आणि एक पारशी कुटुंब अडले. पाच मिनिटांत साहेब बाहेर आले.

क्युरेटर तरुण आहेत. बी. ए. झालेले, आपले मराठीच. माझे पत्र मिळाले होते. अदबीने वागले. ओटीची परवानगी दिली — नारळ फोडायचा नाही, हळदकुंकू दगडाला लावायचे नाही, पुढ्यात ठेवून पाच मिनिटांनी उचलायचे. मान्य केले.

दालन लांब आहे. समया, तलवारी, ताम्रपट, आमच्या लेण्यांतल्या लेखांचे कागदावर घेतलेले ठसे. मी ठमाबाईंना ठसा वाचून दाखवला: धान्य विकणाऱ्यांनी लेण्याला दान दिले, दोन हजार वर्षांपूर्वी. "मंजी जुन्नरचं वानी तवाबी व्हतं," त्या म्हणाल्या. पुढे नाक तुटलेली एक यक्षीण. "हिचं नाक कुनी कापलं?" मग वस्त्र नसलेले तीर्थंकर. ठमाबाईंनी पदर पुढे ओढला आणि धोंडाबाईला म्हणाल्या, "थंडीचं दिस. एक घोंगडं तरी द्यायचं." पीरमहंमद टांगा झाडाखाली सोडून आत आला होता. तो एका काचेच्या पेटीपाशीच खिळला. आत जुनी पोथी. "बाईसाहेब, हा कागद आमचा. ही घोटाई, ही चकाकी बघा. माझ्या आज्याच्या हातचीसुद्धा असेल." काचेवर बोट ठेवल्याबद्दल सावळेरामने त्याला दटावले. तो म्हणाला, "कागद आमचा, काच तुमची."

आणि मग ती. दालनाच्या टोकाला, लाकडी चौथऱ्यावर.

शेंदराखाली हे असेल अशी माझी अटकळ होती. तरी इतके असेल असे वाटले नव्हते. कमरेत किंचित वळलेली, दोन्ही हातांत कलश, चेहऱ्यावर आत कुठेतरी हसू. पायांखाली मगरीने शेपूट गुंडाळली आहे. चोवीस वर्षांपूर्वी मी बरोबर होते. ते पाहून बरे वाटायला हवे होते. वाटले नाही.

ठमाबाईंनी हात जोडले नाहीत. त्या आधी मूर्तीच्या डाव्या कोपऱ्याकडे गेल्या — तिथे टवका उडालेला आहे — आणि मग वळसा घालून मागे. तिच्या पाठीवर तळवा टेकवून उभ्या राहिल्या. क्युरेटर म्हणाले, "हां, ती पाठ पाहा. इतकी गुळगुळीत पाठ दुसऱ्या कोणत्याही मूर्तीला नाही. आमच्या एका विद्वानांनी यावर निबंध वाचला. शेकडो वर्षे भक्तांनी प्रदक्षिणा घालताना हात फिरवला असावा." आणि त्यांनी स्वतः हात फिरवून दाखवला.

धोंडाबाईने पदराचा बोळा तोंडात घातला. खांदे गदगद हलत होते. मी खिडकीकडे पाहिले.

ओटी धोंडाबाईनेच भरली. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड. कशीबशी. ठमाबाईंनी तिला कोपराने ढोसून वाकवले. पाच मिनिटे. सावळेरामने घड्याळ पाहून उचलले, पण नारळ परत देताना कपाळाला लावला, हे मी पाहिले.

नंतर पाटीचे काम. मी क्युरेटरांना सारे सांगितले: डिंगोरे, झरा, ओटा, कुशाबा गुरवाचे घर. ते लिहून घेत होते. फार खूष झाले. ठमाबाईंनी मध्येच विचारले, "मंग आता कुनी यील का वो तकडं?"

"येणारच! जानेवारीत आमचा माणूस पाठवतो. झऱ्याभोवती खणून पाहू. घरोघर चौकशी करू. लोक जुने दगड गोठ्यात, चुलीला, कुठेही लावतात, त्यांना कल्पना नसते."

ठमाबाई मूर्तीखालच्या पाटीकडे पाहू लागल्या. त्यांची देवी गेली तेव्हा त्यांना कोणी विचारले नव्हते. आता निदान त्यांच्या गावाला कोणी विचारील. मनात आले ते असे.

शुक्रवार, २६ नोव्हेंबर. मंचर

आजचे आज लिहिले पाहिजे.

ऊन असतानाच धर्मशाळेत उतरलो. धोंडाबाईने चूल मांडली. पाटीवर नेमके कोणते शब्द असावेत ते मी बोलत होते. ठमाबाई म्हणाल्या, "मास्तरीनबाई, ती पाटी तेवढी ऱ्हाऊ द्या."

"का म्हणून?"

"ती आमची आय न्हवं."

मी समजावले. शेंदूर निघाल्यावर ओळख पटत नाही, साहजिक आहे.

"वळख पटली म्हून तर सांगत्ये. त्यो वढ्यावरचा धुन्याचा दगड हाय. माज्या चार लेकरांची धडुती म्या त्याच्यावर आपटल्यात."

मी ऐकत राहिले. साहेबाची गाडी येणार हे गावाला दोन दिवस आधी कळले. कुशाबांना काही सुचेना. ओढ्यावर धुण्याचा मोठा दगड पालथा पडलेला होता, आजे-पणज्यांपासून. आकार साधारण आईएवढा. तो उलटा केला तर खाली घागर घेतलेली बाई निघाली. "आमचं मालक म्हनले, आयनंच आपल्या जागी धाडलीया हिला." पाच शेर शेंदूर तेलात कालवून तिला लिंपली. ओट्यावर बसवली. साहेबाने नेली.

"आणि डोळे? ते तर यादीत आहेत."

"डोळं खरंच दिलं. त्याबिगर पटलं नसतं. माजं चांदीचं वाळं मोडून आयला नवं केलं."

"धोंडाबाई त्या वेळी रडत होत्या."

"रडत न्हवते मी," धोंडाबाई म्हणाली. "त्ये सायब त्या पाठीवरनं हात फिरवून सांगाय लागलं ना, भगतांनी —" पुढे हसू तिला बोलू देईना. भाकरी तव्यावर करपली.

पीरमहंमद घोडीला चंदी देत होता. मुद्दाम पाठमोरा. तुलाही ठाऊक होते काय, विचारले. "बाईसाहेब, ओतूर ते जुन्नर कुणाला ठाऊक नाही तेवढं विचारा."

झरेआई कुठे आहे?

"घरात. दान्याच्या कनगीमागं. तुमी बसला व्हता तिथनं चार हातावर. बाया सूप मागायला म्हून येत्यात, ओटी भरून जात्यात."

"मला चोवीस वर्षांत का नाही सांगितले?"

ठमाबाईंनी माझ्याकडे पाहिले. रागाने नव्हे. "सांगितलं आसतं तर तुमी पत्र लिवलं आसतं."



मग त्या पुण्यास आल्या कशाला? म्युझियमच्या लोकांना संशय आला आहे का ते डोळ्यांनी पाहायला. "न्हाई आला. बरं वाटलं. पर तुमी गावाचं नाव सांगून बसला. घराचं बी. आता त्ये येतील, कनगीमागं हात घालतील, आन् आयला खरवडतील. चोवीस वर्सं सांबाळली. आता मालक बी न्हाईत."

भाकरी कोणी नीट खाल्ली नाही.

रविवार, २८ नोव्हेंबर. जुन्नर

काल पोहोचलो. ज्या गोष्टीची टोचणी अर्धे आयुष्य बाळगली ती घडलीच नव्हती. हायसे वाटावे ना? उलट संताप येतो आहे. तिसरीतल्या त्या पोरीला, ठमाबाईंच्या नातीलाही माहीत. खोटे बोलली म्हणून श्रावणात मी तिला बाकावर उभी केली होती — दौत सांडली त्यावरून. उभी राहिली मुकाट्याने.

सोमवार, २९ नोव्हेंबर

शाळा सुरू. त्या मुलीला पाढा विचारला. चुकला नाही.

रविवार, ५ डिसेंबर

डिंगोऱ्यास गेले. न बोलावता. ठमाबाईंनी दार लावून घेतले, धोंडाबाईने कणगी सरकवली.

ती तशीच आहे. केशरी गोळा, तेलाने चकचकीत. डोळे नवे, जुन्यांपेक्षा लहान. कुशीला पूट सुटत आले आहे. तिथे बोटभर फट पडली आहे आणि आत काळा दगड दिसतो. त्यावर एक रेघ. नुसती भेग असेल. किंवा वस्त्राची निरी. नख घालून शेंदराचा एक पोपडा काढला असता तर कळले असते. माझी बोटे तिथपर्यंत गेली होती.

हात पदराखाली घेतला.

"आत काय आहे, तुम्हांला कधी वाटले नाही पाहावे?" मी विचारले.

"आत आय हाय," ठमाबाई म्हणाल्या. जणू मी पहिलीतली मुलगी.

दुसरीकडे हलवता येईल का, विचारले. तळेघरला त्यांच्या भावाकडे? धोंडाबाई म्हणाली, चार माणसांशिवाय उचलत नाही, आणि उचलताना पूट फुटेल. शिवाय आई गावाबाहेर गेली तर गाव तिचे कसे राहील? तो मार्ग बंद.

शुक्रवार, १० डिसेंबर

क्युरेटरांचे पत्र. सुंदर अक्षर. माझ्या भेटीने म्युझियमवर उपकार झाले आहेत. बोर्डापुढे नाव बदलाचा ठराव जायचा आहे, त्यासाठी माझी लेखी साक्ष हवी — मूर्ती डिंगोऱ्याची, अमुक झऱ्यावरची, अमुक घराण्याच्या पूजेतली. 'आपणांसारख्या सुशिक्षित बाईंच्या शब्दावर कोणी शंका घेणार नाही.' साक्ष येताच पाटी बदलतील. वार्षिक पुस्तकात माझे नाव छापतील. आणि आठ जानेवारीस दोन माणसे फावडी घेऊन निघतील. प्रथम गुरवाच्या घरी उतरतील, मी सुचवल्याप्रमाणे.

मी सुचवल्याप्रमाणे!

रविवार, १२ डिसेंबर

तीन मसुदे फाडले.

पहिल्यात सगळे खरे लिहिले. त्याची वाट थेट कणगीमागे जाते. दुसऱ्यात फक्त एवढेच की दगड डिंगोऱ्याचा — तेही खरेच आहे, ओढा डिंगोऱ्याचाच. पण गावाचे नाव आले की फावडी आली. तिसऱ्यात काहीच कबूल केले नाही, कामाची सबब सांगितली. उपयोग नाही. तोंडी सगळे सांगून बसले आहे. गप्प राहिले तरी ते येणार. त्यांना थांबवायचे तर एकच गोष्ट लिहावी लागेल.

त्या सुंदर मूर्तीखाली खोटी पाटी कायमची राहील. माझ्यामुळे, दुसऱ्यांदा. आणि क्युरेटर ते पत्र डेप्युटींना दाखवणार हे नक्की. जुन्नरच्या हेडमिस्ट्रेसबाईंचे आता वय झाले, असे म्हणतील. त्यांना तसे म्हणू द्यावे लागेल.

मंगळवार, १४ डिसेंबर

'महाशय, डिंगोरे म्हणून मी आपणांस सांगितले ती माझी भूल होती. वयपरत्वे स्मरण दगा देते. दोन गावांची गल्लत झाली. परवा स्वतः जाऊन खात्री केली. त्या गावी पाहण्याजोगे काहीही नाही, माणसे पाठवण्याची तसदी घेऊ नये. आपल्या यादीत पान अठरावर छापले आहे तेच बरोबर.' सही केली. पाकीट स्वतः पोस्टात टाकले. दुसऱ्या कोणाबरोबर दिले असते तर वाटेतून परत बोलावले असते.